इंजिनाची तलावाकडची बाजू

अर्जुनी मोरगाव,
९ नोव्हेंबर २०२४

अश्विन,

चिरंजीव वगैरे काही लिहीत नाही, कारण आज तुला आशीर्वाद द्यायची माझी इच्छा नाही. तुझा नंबर मी काल ब्लॉक केला आणि तो तसाच राहील. फोनवर तू बोलता बोलता विषय कुठल्या कुठे नेतोस आणि शेवटी मीच ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवते. लहानपणापासून हेच चाललंय. आता जे सांगायचं ते कागदावर लिही, म्हणजे मला ते दुसऱ्यांदा वाचता येईल.

काल केशोरीचे छोटेलाल पंपाची जळालेली मोटर घेऊन दुकानात आले होते. मी जळकी तार उकलत होते, ते बाकावर बसून मोबाइल बघत होते. एकदम म्हणाले, “चेतनाबाई, तुमच्या बाबाचा सत्कार झाला ना गोंदियाले! का मस्त इंजिन बनवते बुढा! आमाले त मालूमच नव्हता.” आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

बाबा स्टेजवर होते. अंगावर शाल, डोक्यावर ड्रायव्हरची जुनी टोपी, मांडीवर इंजिन. माझं इंजिन. त्याचा बॉयलर आईच्या पाणी भरायच्या पितळी गुंडाचा आहे, जो तळाशी फुटला म्हणून तू भंगारात टाकायला निघाला होतास. त्यातली मोटर मी भिंग लावून गुंडाळली आहे, चार वेळा तार तुटली, पाचव्यांदा जमलं. माइकवाला सांगत होता की चौतीस वर्षं छोट्या लाइनवर गाडी चालवली आणि आता निवृत्तीत तीच इंजिनं हे स्वतःच्या हातांनी घडवतात. आणि बाबा मान हलवत होते.

मग मी तुझं इंजिनं विकायचं ऑनलाइन पान उघडलं. मला कधी दाखवलं नाहीस ते. ‘ताई, टेक्निकल आहे, तुला नाही समजणार,’ म्हणाला होतास. मला, जिने तुझ्या मोबाइलच्या दुकानाचा इन्व्हर्टर बांधून दिला! तिथे लिहिलं आहे: ‘सेवानिवृत्त इंजिन ड्रायव्हर श्री. परसराम गहाणे यांच्या थरथरत्या पण अनुभवी हातांनी साकारलेले.’ सात इंजिनं, एकोणीस डबे, दोन सिग्नल केबिन. सगळ्यांखाली हेच. माझं नाव शोधायला मी पार खालपर्यंत गेले. नाही.

पैशाबद्दल हे पत्र नाही. पैसे तू वेळेवर दिलेस, त्यावर मला एक शब्द बोलायचा नाही. हे गेल्यावर मी त्यांचं वाइंडिंगचं दुकान चालवते, पोट भरतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास मी पत्रा कापते, ते पोटासाठी नाही. ती एकच गोष्ट माझी आहे. पंप दुसऱ्यांचे, दुकान यांचं, घर सासऱ्यांचं. इंजिन तेवढं माझं.

पंधरा दिवसांत त्या पानावर लिही: ‘हे चेतना झोडे यांनी केलं आहे.’ आणि बाबांनी ते तोंडाने सांगितलं पाहिजे, जसा तिथे माइकवाला बोलला तसं, चार माणसांत.

चेतना

---

गोंदिया,
१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

पत्र मिळालं. घरात एकाच माणसाला राग येतो अशी तुझी समजूत आहे, म्हणून मीही जरा सांगतो.

पहिलं इंजिन मी तुझ्याच नावाने टाकलं होतं. तुझा फोटोसुद्धा लावला होता, तो दुकानातला, हातात पकड घेतलेला. आठ महिने पडून राहिलं. कोणी विचारलं, मॅडम, दिवाणखान्यात ठेवायचं आहे का? कोणी लिहिलं, मिस्टरांनी केलं असेल, यांनी रंग दिला असेल. एकाने हसण्याचे चेहरे टाकले, बास. मी तुला सांगितलं नाही, कारण तू हात आखडता घेतला असतास. मग बाबांचा टोपीवाला फोटो टाकला आणि दोन दिवसांत गेलं. दोन दिवसांत, ताई! हे दुनिया का उसूल आहे, मी नाही बनवलेला. घेणाऱ्याला खऱ्या ड्रायव्हरचा हात लागलेलं इंजिन पाहिजे. ते कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांना गोष्ट सांगतात. मी गोष्ट विकली, माल तुझाच होता.

आता दुसरं. आई गेल्यापासून बाबा या घरात कसे राहिले ते तू पाहिलंस का? तू येतेस दिवाळीला, चिवड्याचा डबा देतेस, संध्याकाळच्या गाडीने परत. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर नाही. आता लोक भेटायला येतात. बाबा दाढी करतात. कोळसा कसा मारायचा, चढावर वाळू कशी सोडायची ते सांगतात आणि सांगताना उठून उभे राहतात. हे मी तुझ्या नावाखातर बंद करू?

आणि त्यांना धड कळतही नाही गं. वय सत्त्याहत्तर. त्यांना वाटतं हा सत्कार नोकरीचा आहे. इंजिन मांडीवर ठेवलं, त्यांनी ठेवू दिलं. तू त्यांच्यावर का चिडतेस? चिडायचं तर माझ्यावर चिड.

आता कामाचं. जानेवारीत नागपूरला मॉडेलवाल्यांचं मोठं प्रदर्शन आहे. तुझं ते दाराच्या फळीवरचं अख्खं अर्जुनी स्टेशन, तीन वर्षं चाललंय ते, तिथे मांडलं तर लोक वेडे होतील. नवं इंजिनही सोबत पाहिजे. मी गाडी पाठवतो. भांडण नंतर करू, ते कुठे पळून जात नाही.

अश्विन

---

अर्जुनी मोरगाव,
२६ नोव्हेंबर २०२४

अश्विन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की आठ महिने पडून राहिलं तर पडून राहू द्यायचं होतं. मी कुठे घाई केली होती? तुला विचारलं होतं का मी, गेलं का, गेलं का म्हणून?

बाबांना कळत नाही म्हणतोस. तसं असेल तर त्यांच्याबद्दल लिहिलेलं मी मागे घेते. भिंतीकडे तोंड करून पडायचे हे मला माहीत नव्हतं, आणि तू इतके दिवस सांगितलं नाहीस याचाही मला रागच आहे. सांगण्यासारख्या गोष्टी तू पोटात ठेवतोस आणि नको त्या पानावर लिहितोस.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. बाबांची गाडी सकाळी वडशाकडे जायची. आई डबा बांधायची आणि आम्ही दोघी तलावाच्या पाळीवरून चालत स्टेशनच्या टोकाला जायचो, जिथे पाळ लाइनीच्या अगदी जवळ येते. गाडी सुटून हळू चालत असायची. बाबा त्या बाजूने वाकायचे, मी डबा वर करायचे, ते घ्यायचे. उन्हाळा, पाऊस, परीक्षा, काही असो. सहा वर्षं मी डबा दिला. परतीची गाडी अंधारात यायची, तिला आम्ही जात नव्हतो. तू पाच वर्षांचा झालास तसं बाबांनी तुला उचलून इंजिनात घेतलं आणि तू वडशापर्यंत जाऊन आलास, तोंड काळं करून. आई म्हणाली, “तिलेबी घ्या ना वर एक डाव.” बाबा म्हणाले, “पोरीचा का काम हाये इंजिनावर?” आणि शिट्टी दिली.

फळीवरच्या स्टेशनात मी पाळ आधी केली, मग लाइन टाकली. बाकीचे लोक आधी रूळ टाकतात म्हणे. मला तसं सुचलंच नाही. आपल्यात आधी तलाव, मग बाकीचं. माती त्याच पाळीची आहे, चाळून घेतलेली. तांब्याच्या तारेची आई आहे, हातात डबा आहे. शेजारी मी आहे.

एक विचारायचं राहिलं. पहिलं इंजिन पाठवलं तेव्हा आत चिठ्ठी होती: ‘बाबा, तलावाकडची बाजू मी नीट पाहिलेली आहे. पलीकडची अंदाजाने केली आहे. चुकलं असेल तर सांगा.’ तू फोनवर म्हणालास, ‘बाबा बोलले फर्स्ट क्लास.’ त्यांनी खरंच बघितलं होतं ना?

स्टेशन देते. बाबांना उठून उभं राहू दे. पण फळीसोबत माझ्या नावाची पाटी देते आहे, पितळी, मीच कोरलेली. ती समोर लागली पाहिजे. कबूल असेल तर लिही आणि मग गाडी पाठव.

चेतना

---

गोंदिया,
२ डिसेंबर २०२४

ताई,

कबूल. पाटी समोर लावतो, शप्पथ. हो, बाबांनी बघितलं होतं. गाडी रविवारी येईल, ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याला फळी आडवी ठेव म्हणावं.

अश्विन

---

गोंदिया,
२१ जानेवारी २०२५

ताई,

झालं तुझ्या मनासारखं? बाबांची अब्रू गेली. चारशे माणसांत गेली.

काय झालं ते माझ्याकडून ऐक, नाहीतर तुला कोणीतरी मोबाइलवर दाखवेलच. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गेश नावाचा एक जण आला. नागपूरचाच, नॅरोगेजचा वेडा, बाप त्याचा इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता. त्याने स्टेशन बघितलं, खूप तारीफ केली. मग रुळावरून इंजिन उचललं आणि उलट्या बाजूने बघितलं. आणि थांबला. बाबांकडे वळून म्हणाला, “काका, गाडी पुढे-मागे घ्यायचा हा लांब दांडा तर ड्रायव्हरच्याच बाजूला असतो ना? तुम्ही दोन्हीकडे लावलाय. पाइपही दोन्हीकडे सारखेच. चौतीस वर्षं इंजिन चालवलंत तुम्ही?”

बाबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. लोक जमले, कोणीतरी शूटिंग सुरू केलं. मी म्हणालो, वय झालंय, विसरतात. दुर्गेश म्हणाला, माझा बाप मरताना मला विसरला होता, पण दांडा कुठे असतो ते विसरला नाही. संध्याकाळपर्यंत मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर आलं: गोंदियाचा नकली ड्रायव्हर. सात घेणाऱ्यांपैकी पाच जणांनी आपापली इंजिनं पलटवून फोटो टाकले. सगळ्यांत तेच.

तू हे मुद्दाम केलंस का? खरं सांग. तू पाटीसाठी किती अडून बसली होतीस ते मला माहीत आहे. पाटी लावायची राहिली, हेही लिहून टाकतो, नाहीतर तेच धरून बसशील. आयोजकांनी एकच नाव छापलं होतं, ऐन वेळी मी काय करणार?

आता एकच उपाय आहे. तू ग्रुपवर चार ओळी लिही की जोडणीचं काम मदतनीस म्हणून मी, चेतना झोडे, हिने केलं, बाबांनी सांगितलेलं मला नीट समजलं नाही, चूक माझी आहे. तेवढ्याने बाबा सुटतील. ते घरी आल्यापासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. बापासाठी एवढं करशील ना? मजकूर मी लिहून ठेवला आहे, सोबत पाठवतो. तू फक्त टाक.

अश्विन

---

अर्जुनी मोरगाव,
२८ जानेवारी २०२५

अश्विन,

तुझा मजकूर मी चुलीत घातला.

शाल मिळाली तेव्हा नाव बाबांचं. फोटो निघाले तेव्हा नाव बाबांचं. माझ्या हाताने कोरलेली पाटी तू शप्पथ घेऊन खिशात ठेवलीस. आणि चूक सापडली त्या दिवशी तुला माझं अख्खं नाव आठवलं, आडनावासकट! चेतना झोडे! तीन वर्षांत पहिल्यांदा तू माझं नाव कशाखाली तरी लिहिलंस, आणि ते मदतनीस म्हणून. तुला लिहिताना हात थांबला नाही का रे?

मुद्दाम केलंस का, विचारतोस. मला दांडा एका बाजूलाच असतो हे माहीत असतं तर मी आठ वेळा, आठ इंजिनांना, दोन तास बसून तो दुसऱ्या बाजूला कशाला जोडला असता? त्याचा एकेक सांधा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. गाडीची दोन चाकं सारखी असतात, बैलाची दोन शिंगं सारखी असतात, मला वाटलं इंजिनही तसंच असेल. मी कुठून पाहणार पलीकडचं? मी पाळीवर होते. मला पाळीवरच ठेवलं होतं. जेवढं पाहिलं तेवढं खिळ्याखिळ्यासकट बरोबर आहे, जा, त्या दुर्गेशलाच विचार. तलावाकडच्या बाजूला एक बोट दाखवायला जागा नाही मिळणार त्याला.

फोटो बघून का नाही केलं म्हणशील. फोटो बघून करायचं असतं तर मी जपानचं इंजिन केलं नसतं का? मी माझं पाहिलेलं करत होते. आणि न पाहिलेल्याबद्दल मी चिठ्ठी लिहून विचारलं होतं. विचारलं होतं, अश्विन.

आता तुझं सांगते. तू त्या इंजिनात बसून वडशाला गेलास. त्या दुसऱ्या बाजूला, फायरमनच्या पाटावर बसून गेलास. एकदा नाही, सुट्ट्या लागल्या की दर आठवड्याला. तू सात इंजिनं हातात घेतलीस, खोक्यात भरलीस, फोटो काढलेस आणि विकलीस. तुला दिसलं नाही. म्हणजे एकही इंजिन तू बघितलं नाहीस. माल माल म्हणून खोक्यात टाकलंस. दुर्गेशने ते पहिल्यांदा माणसासारखं हातात घेऊन बघितलं. तो माझी चूक काढतो आहे, तरी मला त्याचा राग येत नाही.

काल सकाळी मी स्वतः ग्रुपवर लिहिलं. तुझ्या चार ओळी नाहीत, माझ्या दोन: ‘ही सगळी इंजिनं आणि अर्जुनी स्टेशन मी, चेतना झोडे हिने, एकटीने केलं आहे. पलीकडच्या बाजूची चूक माझी आहे, कारण ती बाजू मी कधी पाहिली नाही.’ बाबांबद्दल एक अक्षर नाही. ते खरे ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं, हे कोणी विचारलं तर मी सांगेन. विचारलं नाही तर सांगणार नाही.

स्टेशन, इंजिन आणि पाटी परत पाठव. आडवं ठेव म्हणून मी सांगणार नाही, एवढी अक्कल आता तू स्वतःची वापर.

चेतना

---

गोंदिया,
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

सामान पाठवलं आहे, पाटी वर बांधली आहे. ऑनलाइन पान बंद केलं. तुझ्या दोन ओळींवर तीनशे माणसं बोलून गेली, त्यात मला शिव्या किती ते तू वाचलंच असशील. खूश? दुर्गेश विचारतो की ते नागपूरवालं इंजिन विकत मिळेल का, दांडा दोन्ही बाजूंना असलेलंच पाहिजे म्हणे, दुरुस्त केलेलं नको. मी त्याला तुझा नंबर दिलेला नाही. तू सांगशील तसं.

बाबा काल मला म्हणाले, “कागद आण.” कशाला विचारलं तर म्हणाले, “तुले का करा लागते?” मी मजकूर सांगतो म्हटलं तर हाकलून दिलं.

मी चुकलो हे मी लिहिणार होतो. पण तुझं ते पत्र पुन्हा वाचलं आणि हात उठला नाही. इतकं कोणी लिहितं का भावाला?

अश्विन

---

गोंदिया
तारीख २ मार्च

चेतना बाई,

मी लिहून राहिलो, तुया बाप. अश्विनले सांगतलो नाही का लिहिलो. हात थरथरते, अक्षर समजून घे.

तुया भावानं तुले एक खोटा सांगतला. म्हने बाबाले समजत नाही. मले सारा समजत होता. टोपी मीच पेटीतून काढलो. माइकवाला बोलला ते मी आयकलो आन मान हलवलो. चौतीस वर्सं गाडी चालवलो, रिटायर झालो त एक नारळ भेटला होता. शाल पाह्यलो आन जीभच उचलली नाही. लोक हात जोडत होते. चांगला वाटला. आता लाज वाटून राहिली.

दुसरा सांगतो. ते तुया पैला इंजिन आला, त्याच दिवशी पलटवून पाह्यलो. दांडा फायरमनच्या बाजूलेबी. फायरमनच्या बाजूले दांडा कायले राहील? तुई चिठ्ठीबी वाचलो. तवाच समजला का पोरगी पाळीवरूनच पाहत होती. अश्विनले म्हनलो, फर्स्ट क्लास हाये. काऊन म्हनलो? तुले चूक सांगतलो असतो त तू विचारली असती, बाबा, मंग मले कवा दाखवले तुमी? त्याचा जबाब माह्यापाशी नव्हता. नाही हाये. आठ इंजिनं आली, आठही पलटवलो, आठही डाव गप्प बसलो. तो नागपूरचा पोरगा बोलला ते मी तीन वर्सांआंधी बोलाले पायजे होतो.

तुई माय त्या दिवशी म्हनली होती, तिलेबी घ्या. तुले चार हात वर उचला लागला असता. गाडी धीमीच होती.

सोबत क्यालेंडरच्या मांगच्या बाजूवर फायरमनची बाजू काढली हाये. पाइप, झाकन, शिडी, सारा. लाइन वाकडी हाये पन जागा बरोबर हाये. याच्यावरून आता नीट कर. ग्रुपवरबी मी बोलतो. अश्विनच्या फोनवर बोललो, त्यानं रेकॉर्ड केला, आज टाकते म्हनला. म्हनलो, हे सारा माह्या पोरीनं केला, मी एक खिळाबी ठोकलो नाही, आन चूक पोरीची नाही, माही हाये.

तुया बाप
परसराम

---

अर्जुनी मोरगाव,
११ मार्च २०२५

बाबा,

पत्र मिळालं. तुमचं बोललेलं मी ऐकलं. छोटेलाल दुसरी एक मोटर न्यायला आले होते, त्यांनीही ऐकलं, पुन्हा लावा म्हणाले. मी लावलं नाही.

तुम्हाला कळत नव्हतं असं समजून मी तीन महिने तुमच्यावरचा राग गिळला होता. आता तो सगळा परत आला आहे आणि एवढ्यात जाणार नाही. अश्विन निदान आंधळा होता. तुम्ही बघितलंत. आठ वेळा बघितलंत. माझी चूक माहीत असून ती तुमच्याच नावाने लोकांच्या घरी जाऊ दिलीत, पण मला सांगितली नाहीत. मला एवढीच तर अक्कल पाहिजे होती तुमच्याकडून, बाबा. शाल तुम्हाला लखलाभ झाली असती.

कॅलेंडरचा कागद परत पाठवते आहे. मी तो उघडून नीट बघितलाही नाही. कागदावरून मला ती बाजू करायची नाही. कागदावरून करायची असती तर आतापर्यंत केली असती.

नागपूरहून परत आलेल्या इंजिनाचा पलीकडचा दांडा मी काल काढला. पाइप काढले. ती बाजू आता कोरी पितळ आहे, आईच्या त्याच गुंडाच्या उरलेल्या पत्र्याची, तिच्यावर आईने चुलीच्या राखेने घासल्याच्या रेघासुद्धा दिसतात. दुर्गेशला नाही म्हणून कळवलं. हे विकायचं नाही. पाटी फळीला लावली आहे, पाळीच्या खाली, चार स्क्रू आहेत, कोणाच्या खिशात जाणार नाही.

ती बाजू तुम्हाला सांगायची असेल तर इथे येऊन सांगा. सकाळच्या गाडीने या. दुकानात बाकावर बसा, इंजिन मी हातात धरीन, तुम्ही तोंडाने सांगा, कुठे काय होतं, कशाला होतं, तापलं की कसा वास यायचा. जोडणार मी. एका दिवसात होणार नाही, महिना लागेल. राहायची सोय आहे.

टोपी गोंदियालाच ठेवा. आणि डबा तुमचा तुम्ही बांधून आणा. मी आणून देणार नाही.

चेतना